विमानातील छोटी खुर्ची कशी रंगवावी?



आपल्या भित्तिपत्रकावर कोणी मातीची फळे, कोणी आकाशकंदील, कोणी काड्यापेटीचा टेलिफोन कसा करायचा ते लिहिते. या वेळी बाईंनी मला विचारले, "सुट्टीत तू काय शिकलीस? तेच लिही." मी म्हटले, "बाई, मी खुर्ची रंगवायला शिकले." सगळा वर्ग हसला. खुर्ची रंगवायची त्यात काय शिकायचे, असे सर्वांना वाटले. पण माझी खुर्ची बाबांच्या अंगठ्याच्या नखाएवढी होती आणि ती एका छोट्या लढाऊ विमानात बसवायची होती. ती रंगवायला मला अकरा दिवस लागले. त्यात एकदा ती मी पार बिघडवली. ते सगळे येथे लिहिते.

मी हे कोठे शिकले

माझे मामा मुंबईत कफ परेडला मच्छीमार नगरात राहतात. मे महिन्यात मी आणि आई मांडव्याहून लाँचने गेटवेला गेलो आणि तेथून बसने मामांकडे. कफ परेडला एका बाजूला इतक्या उंच इमारती आहेत की वर बघताना मान दुखते. आणि त्यांच्या समोरच समुद्राला लागून मच्छीमार नगर. तेथे होड्या, जाळी, वाळत घातलेले बोंबील, सगळे आपल्या गावासारखेच. मामी पहाटे उठून ससून डॉकला मासळी घ्यायला जाते. हा डॉक १८७५ सालापासून आहे.

तेथे आकाशात सारखी हेलिकॉप्टरे दिसतात. कुलाब्याला नौदलाचा हेलिकॉप्टरचा तळ आहे. २००९ सालापासून त्याचे नाव आय.एन.एस. शिक्रा असे आहे. शिक्रा हा ससाण्यासारखा लहान शिकारी पक्षी आहे. हेलिकॉप्टर जवळून गेले की मामांच्या घरावरचे पत्रे थरथरतात. ती बघून बघूनच माझ्या मामेभावाला, म्हणजे दादाला, विमानांचे वेड लागले. दादा कॉलेजात शिकतो. माळ्यावर त्याचे एक टेबल आहे. तेथे तो प्लास्टिकच्या सुट्या भागांची विमाने जोडतो आणि रंगवतो. टेबलाला कोणी हात लावायचा नाही, असा घरात नियम आहे. मी पाच दिवस नुसती शेजारी बसून पाहिले. सहाव्या दिवशी दादा म्हणाला, "तुझा हात स्थिर आहे. खुर्ची तू रंगव."

विमान कोणते

त्या विमानाचे नाव सी हॅरियर. आपल्या नौदलाकडे ही विमाने १९८३ साली आली आणि २०१६ साली निवृत्त झाली. हे विमान फार हुशार होते. ते थोडेसेच धावून जहाजावरून उडायचे आणि उतरताना हवेत थांबून सरळ खाली उतरायचे. आय.एन.एस. विराट या मोठ्या जहाजावर ही विमाने असत. विराट १९८७ साली आपल्या नौदलात आली आणि ६ मार्च २०१७ रोजी मुंबईतच निवृत्त झाली. मामांनी मासेमारीला जाताना ती लांबून पुष्कळदा पाहिली आहे. २०२० साली ती मोडीत काढण्यासाठी गुजरातेत अलंगला नेली. सी हॅरियर मात्र गोव्यात दाबोळीजवळच्या नौदलाच्या विमान-संग्रहालयात पाहायला मिळते. हे संग्रहालय १९९८ साली सुरू झाले.

मी दादाला विचारले, "जे विमान आता उडतच नाही ते कशाला करतोस?" तो म्हणाला, "म्हणूनच करतो. उडत नाही, पण ते कसं होतं ते तरी कळायला नको का?"

प्रमाण म्हणजे काय

भूगोलात आपण नकाशाचे प्रमाण शिकलो. तसेच छोट्या विमानालाही प्रमाण असते. दादाच्या विमानाचे प्रमाण १/७२ होते. म्हणजे खऱ्या विमानाचे ७२ इंच येथे फक्त १ इंच. ७२ इंच म्हणजे ६ फूट. म्हणून ६ फूट उंच माणूस या विमानात १ इंचाचा होतो.

आता उदाहरण करून पाहू. खरे सी हॅरियर विमान सुमारे साडेचौदा मीटर लांब, म्हणजे १,४५० सेंटिमीटर. त्याला ७२ ने भागले की सुमारे २० सेंटिमीटर उत्तर येते. आपल्या कंपासपेटीपेक्षा थोडेसेच मोठे! आणि खुर्ची ४ फूट उंच धरली तर ४८ इंच भागिले ७२, म्हणजे एका इंचाचे तीन भाग करून त्यातले दोन. एवढ्याशा तुकड्यावर गादी, पट्टे आणि दांडा, सगळे दाखवायचे.

ही साधी खुर्ची नव्हे

मला आधी वाटले की बसायची खुर्ची म्हणजे बसायची खुर्ची, काळा रंग लावला की झाले. दादाने मला एका पुस्तकातले मोठे चित्र दाखवले. ही खुर्ची वैमानिकाचा जीव वाचवते. विमान पेटले किंवा पडू लागले की वैमानिक खुर्चीसकट बाहेर उडतो. ते असे घडते:

१) वैमानिकाच्या दोन गुडघ्यांमध्ये एक कडी असते. तिच्यावर पिवळे-काळे पट्टे असतात. ती कडी तो दोन्ही हातांनी जोरात वर ओढतो.

२) डोक्यावरच्या काचेला नागमोडी स्फोटक दोरी चिकटवलेली असते. ती फुटते आणि काचेचे तुकडे होतात. वाट मोकळी होते.

३) खुर्चीमागे नळीत दारू भरलेली काडतुसे असतात. ती पेटून खुर्ची रुळांवरून वर ढकलली जाते. मग खुर्चीखालचे रॉकेट पेटते आणि ती आणखी उंच जाते.

४) एक लहान हवाई छत्री उघडते. तिच्यामुळे खुर्ची हवेत कोलांट्या खात नाही.

५) मग मोठी छत्री उघडते. खुर्ची सुटून खाली पडते आणि वैमानिक छत्रीला लटकून हळूहळू उतरतो.

हे सर्व काही सेकंदांत होते. वैमानिकाला फक्त कडी ओढायची असते, बाकीचे आपोआप होते. विमान जमिनीवर उभे असले तरी सी हॅरियरची खुर्ची काम करू शकत असे.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट आता सांगते. वैमानिक ज्यावर बसतो त्या बैठकीच्या पेटीत काय असते, ओळखा पाहू! घडी घातलेली रबराची होडी! समुद्रावर उडणारा वैमानिक आपल्या होडीवरच बसलेला असतो. छत्रीने खाली येताना ती पेटी दोरीने त्याच्या खाली लोंबते आणि होडी फुगते. हे ऐकून मामा खूष झाले. म्हणाले, "म्हणजे विमानवाला पण आपल्यातलाच!"

मी विचारले, "मग आपल्या वरून जातात त्या हेलिकॉप्टरांत अशी खुर्ची असते का?" दादा म्हणाला, "बहुतेक हेलिकॉप्टरांत नसते. डोक्यावर पाती फिरत असतात, वर उडणार कसं?"

खुर्ची कोणी बनवली

इंग्लंडमध्ये जेम्स मार्टिन आणि व्हॅलेंटाइन बेकर हे दोन मित्र होते. त्यांनी १९३४ साली विमाने बनवण्याची कंपनी काढली. मार्टिन विमाने बनवायचे आणि बेकर ती उडवून पाहायचे. १९४२ साली एका नव्या विमानाचे इंजिन बंद पडले आणि त्या अपघातात बेकर वारले. मार्टिन यांना फार दुःख झाले. त्यानंतर त्यांनी वैमानिकाचा जीव कसा वाचेल यावरच मन लावले. २४ जुलै १९४६ रोजी त्यांच्या कंपनीतला एक कामगार बर्नार्ड लिंच उडत्या विमानातून खुर्चीसकट बाहेर पडला आणि सुखरूप खाली आला. मार्टिन-बेकर कंपनीच्या खुर्च्यांनी आजपर्यंत ७,५०० हून अधिक माणसांचे प्राण वाचवले आहेत. सी हॅरियरमध्ये याच कंपनीची खुर्ची होती.

जुन्या खुर्च्यांची कडी डोक्याच्या वर असायची. ती ओढली की तिच्याबरोबर एक कापड तोंडावर यायचे, म्हणजे वाऱ्यापासून तोंड वाचायचे. पुढे कडी गुडघ्यांमध्ये आली, कारण तेथे हात लवकर पोचतो.

आता रंगवण्याकडे वळू.

साहित्य

१) प्लास्टिकची खुर्ची. २) पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग : काळा, पांढरा, हिरवा, पिवळा, तपकिरी. ३) राखाडी प्रायमर. ४) दोन ब्रश, एक बारीक टोकाचा आणि एक जुना. ५) दातकोरणी. ६) चिमटा. ७) चिकटपट्टीचा कागद. ८) तांब्याची बारीक तार (जुन्या वायरमधली). ९) डबीचे झाकण, पाणी, फडके. १०) भिंग असल्यास उत्तम.

आणि ११) थांबायची तयारी. हे दादाने सांगितले. मी आधी ते लिहून घेतले नव्हते.

कृती

पहिली पायरी : धुणे. खुर्ची साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने धुवावी. साच्यातून काढलेल्या प्लास्टिकवर तेलकटपणा असतो, त्यावर रंग बसत नाही. पाणी गाळणीतून ओतावे, नाहीतर खुर्ची मोरीतून समुद्रात जाईल.

दुसरी पायरी : पकड. खुर्ची बोटात धरून रंगवू नये. तिच्या बुडाला थोडासा चिकट गोळा लावून ती दातकोरणीवर बसवावी. मग दातकोरणी फिरवत चारी बाजूंनी रंगवता येते.

तिसरी पायरी : प्रायमर. राखाडी प्रायमरचा एक पातळ हात द्यावा आणि रात्रभर वाळू द्यावा. मी विचारले, "रंगाच्या आधी रंग कशाला?" तेव्हा मामा होडीचे काम करत होते. पावसाळ्याच्या बंदीसाठी होडी वर ओढली होती. मामा होडी खरवडतात, पॉलिश पेपर मारतात, फटीत लांबी भरतात, प्रायमरचा हात देतात आणि मगच रंग लावतात. मामा म्हणाले, "खाली धरायला काही नसलं तर वरचा रंग एका सीझनात सोलतो." चाळीस फुटांची होडी काय आणि नखाएवढी खुर्ची काय, नियम एकच.

चौथी पायरी : मुख्य रंग. खुर्चीचा सांगाडा चित्रात काळा दिसतो. पण आपण अगदी काळा रंग लावायचा नाही. काळ्यात थोडा पांढरा मिसळून कोळशासारखा करडा करायचा. कारण वस्तू लहान असली की अगदी काळ्या रंगात तिचे कोपरे, खाचा काहीच दिसत नाही. रंग दुधासारखा पातळ असावा. एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ हात द्यावेत आणि प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा.

येथेच माझी चूक झाली.

माझी चूक

पहिला हात दिला आणि मला तो फिका वाटला. दादा कॉलेजच्या कामाला गेला होता. वाळेपर्यंत थांबायचे होते. पण संध्याकाळी त्याला झालेली खुर्ची दाखवायची असे माझ्या मनात आले. मी बाटलीतला घट्ट काळा रंग घेतला आणि ओल्यावरच लावला. खालचा रंग ब्रशबरोबर निघू लागला. म्हणून मी आणखी लावला. गादीच्या घड्या भरल्या, पट्टे बुजले. खुर्चीचा कोळशाचा खडा झाला.

मी घाबरले. खोक्यात एकच खुर्ची असते. दादाने त्या विमानासाठी किती दिवस पैसे साठवले होते ते मला ठाऊक होते. मी खुर्ची काड्यापेटीत घातली आणि काड्यापेटी माझ्या पिशवीत ठेवली. दादाने विचारले तेव्हा मी म्हटले, "मला माहीत नाही." दादा दोन रात्री बॅटरी घेऊन माळ्याच्या फळ्यांच्या फटींत शोधत होता. मामीने केर काढला तो चाळणीने चाळून पाहिला. मला जेवण गेले नाही.

तिसऱ्या दिवशी मी होडीपाशी जाऊन मामांना खरे सांगितले. मामा ओरडले नाहीत. म्हणाले, "अगो बाय, होडीला भोक पडलं तर ते कोणी लपवतं का? लगेच सांगितलं तर बुजवता येतं." मग मी दादाकडे गेले आणि काड्यापेटी त्याच्या हातात दिली. दादा बराच वेळ काही बोलला नाही. तेच मला जास्त लागले. मग म्हणाला, "आधी सांगितलं असतंस तर रंग ओला होता, निघाला असता. आता जास्त घासावं लागेल."

दादाने खुर्ची बाहेर अंगणात नेली, स्पिरिट लावले आणि मला टूथब्रश दिला. रंग निघाला, पण घासता घासता एक बारीकसा आवाज आला. ती पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची कडी तुटून गेली. दादाने ती तारेची करून चिकटवली होती. मला रडू आले. सगळ्या खुर्चीत तीच तर जीव वाचवणारी, आणि तीच मी तोडली.

दादा म्हणाला, "रडू नकोस. आता ती तू कर."

कडी कशी करावी

जुन्या वायरमधून तांब्याची एक केसासारखी तार काढावी. ती सुईभोवती एक वेढा देऊन वाकवावी. दोन्ही टोके सारखी कापावी. चिमट्याने धरून बैठकीच्या पुढच्या कडेला गोंदाच्या अगदी बारीक थेंबाने चिकटवावी. माझ्या पाच कड्या उडून गेल्या आणि सहावी बसली. हे करताना श्वास सोडून, थांबून मग चिकटवावे, म्हणजे हात हलत नाही. ही युक्ती मला माझी मलाच सापडली.

पुढील कृती

कडी वाळल्यावर मी धुणे, प्रायमर आणि मुख्य रंग हे सर्व पुन्हा केले. या वेळी प्रत्येक हातानंतर मी घड्याळ न बघता सरळ माळ्यावरून खाली उतरायचे आणि मामांना होडी घासायला मदत करायचे. म्हणजे हात चाळवत नाहीत.

पाचवी पायरी : गादी. गादी गडद हिरवी रंगवावी. हिरव्यात थोडा तपकिरी मिसळावा. नवी कोरी हिरवीगार गादी खेळण्यासारखी दिसते.

सहावी पायरी : पट्टे. वैमानिकाला बांधायचे पट्टे चिकटपट्टीच्या कागदातून एक मिलिमीटर रुंद कापावे. ते आधी रंगवून मग चिमट्याने चिकटवावे. पट्टे ताठ ठेवू नयेत, थोडे सैल, वळलेले ठेवावे. खऱ्या खुर्चीतून माणूस उठून गेला की पट्टे तसेच पडतात. पट्ट्यांच्या बकलासाठी चंदेरी रंगाचा टिपका दातकोरणीच्या टोकाने द्यावा.

सातवी पायरी : सावली. काळपट तपकिरी रंगाचा एक थेंब पुष्कळ पाण्यात मिसळावा, अगदी चहाच्या गाळासारखा. तो खुर्चीवर सोडला की आपोआप खाचांत जाऊन बसतो आणि गादीच्या घड्या दिसू लागतात. दादा याला वॉश म्हणतो. जास्त झाले तर कोरड्या ब्रशने टिपून घ्यावे.

आठवी पायरी : उजेड. जुन्या ब्रशला फिका राखाडी रंग लावून तो फडक्यावर जवळजवळ सगळा पुसून टाकावा. मग तो कोरडा ब्रश खुर्चीच्या कडांवरून हलकेच फिरवावा. फक्त कडांनाच रंग लागतो आणि त्या उठून दिसतात. जुन्या होडीच्या कडा घासून फिक्या होतात, अगदी तशा.

नववी पायरी : कडीचे पट्टे. ही सर्वांत शेवटी करावी. आधी कडीला पिवळा रंग द्यावा. पिवळा रंग एका हातात बसत नाही, मला चार हात लागले. पूर्ण वाळल्यावर काळ्या रंगाचे आडवे पट्टे द्यावे. ब्रशला एकच केस असल्यासारखे टोक हवे. माझ्या कडीवर चारच काळे पट्टे मावले. खऱ्या कडीवर जास्त असतात, पण दिसायला ती बरोबर दिसते.

मी दादाला विचारले, "पिवळा-काळाच का?" त्याने उत्तर दिले नाही. त्याने मला दहा पावले लांब उभे केले, डोळे मिटून उघडायला सांगितले आणि विचारले, "आधी काय दिसलं?" खुर्ची कोळशासारखी, गादी गडद, सगळे काळपट. त्यात आधी दिसला तो कडीचा पिवळा ठिपका. "घाबरलेल्या माणसाला शोधत बसायला वेळ नसतो," दादा म्हणाला, "म्हणून तो रंग."

दहावी पायरी : खुर्ची विमानात बसवावी. तिच्यावर काच लावावी. दादाने काचेवर पांढऱ्या रंगाने ती नागमोडी दोरी काढली. काच लावल्यावर खुर्ची फारशी दिसत नाही. मला वाईट वाटले. अकरा दिवस केलेले काम कोणाला दिसणारच नाही! दादा म्हणाला, "आपल्याला माहीत आहे ना आत काय आहे!"

काळजी

रंग आणि स्पिरिट वापरताना खिडकी उघडी ठेवावी. स्पिरिट विस्तवाजवळ नेऊ नये आणि ते मोठ्या माणसांनीच ओतावे. ब्रश तोंडात घालून टोक काढू नये. पाते आणि कात्री वापरताना शेजारी मोठे माणूस असावे. लहान भाग लहान बाळांच्या हाती देऊ नये.

घरी आल्यावर

जूनमध्ये मी परत आले. पावसामुळे लाँच बंद झाली होती म्हणून एस.टी.ने आले. आमची होडीही वर ओढलेली होती. १ जून ते ३१ जुलै यंत्राच्या होड्यांना मासेमारीची बंदी असते. बाबा होडी रंगवायला काढणार होते. मी ही सगळी गोष्ट बाबांना सांगितली. मग मी सहज विचारले, "बाबा, आपल्या होडीत लाईफ जॅकेट कुठे आहेत?"

बाबा म्हणाले, "आहेत की खाली खणात, जाळ्यांच्या खाली."

मी म्हटले, "काढून दाखवा. मी अंक मोजते."

बाबा हसले, पण खाली उतरले. त्यांनी दोऱ्या बाजूला केल्या, जाळे ओढले, डबे उचलले. पहिले जॅकेट हातात येईपर्यंत मी ९४ पर्यंत मोजले होते. होडी जमिनीवर होती, उजेड होता आणि वारा नव्हता तरीसुद्धा ९४. जॅकेट नारिंगी होते, पण मळून मळून जाळ्याच्या रंगाचे झाले होते. एकाचा पट्टा तुटला होता.

बाबा हसायचे थांबले. ते म्हणाले, "जाळं ओढताना ते अंगात अडतं आणि फार उकडतं म्हणून कोणी घालत नाही." ते खरेच आहे, मी बाबांना खोटे म्हणत नाही. पण ती हाताशी असायला काय हरकत आहे?

आईने पट्टा जाड दोऱ्याने शिवला. मी जॅकेटे साबणाने धुतली. बाबांनी केबिनमध्ये आत शिरताच उजव्या हाताला चार खिळे मारले आणि त्यावर ती टांगली. मी उरलेल्या पिवळ्या रंगाने प्रत्येक खिळ्याभोवती गोल काढला आणि त्यात काळे पट्टे दिले. खिळ्याला जॅकेट नसले की तो गोल लगेच दिसतो. मग मी पुन्हा मोजले. या वेळी बाबांच्या हातात जॅकेट आले तेव्हा मी ५ म्हणत होते.

नारळी पौर्णिमा झाली. आता बाबा पुन्हा समुद्रावर जातात. रात्री आणि वारा असताना जॅकेट घालीन, असे त्यांनी आईला सांगितले आहे. दिवसा घालत नाहीत. ते जातात तेव्हा आई पूर्वी दारात उभी राहून नुसती बघायची. आता ती विचारते, "चारही आहेत ना?" बाबा ओरडून सांगतात, "चारही आहेत."

म्हणून मी होडी असलेल्या सर्व पालकांना विनंती करते की, आपल्या होडीत एकदा अंक मोजून पाहावेत.

आपण काय शिकलो

१) रंगाआधी धुणे आणि प्रायमर आवश्यक आहे.
२) एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात चांगले.
३) लहान वस्तूला अगदी काळा रंग देऊ नये.
४) चूक झाली तर रंग ओला आहे तोवर सांगावे.
५) जीव वाचवणारी वस्तू उठून दिसणाऱ्या रंगाची आणि हाताशी असावी.

स्वाध्याय

अ) १/७२ या प्रमाणात १२ फूट लांब वस्तू किती इंचांची होईल?
आ) वैमानिकाच्या बैठकीच्या पेटीत काय असते?
इ) मार्टिन यांनी जीव वाचवणारी खुर्ची बनवण्याकडे लक्ष का दिले?
ई) तुमच्या घरात, होडीत किंवा शाळेत जीव वाचवणारी कोणती वस्तू आहे? ती काढायला किती अंक मोजावे लागतात? मोजून वहीत लिहा.

उत्तरे भित्तिपत्रकाखालच्या पेटीत टाकावीत. 'ई'चे उत्तर मी बाईंच्या परवानगीने सर्वांचे एकत्र करून पुढच्या महिन्यात येथे लावणार आहे.

— इयत्ता चौथी